द्वंद्व समास

मराठी व्याकरणात समासाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत द्वंद्व समास हा सर्वांत सभ्य. तत्पुरुषात दुसऱ्या पदाचा तोरा, अव्ययीभावात पहिल्या पदाची मिजास, आणि बहुव्रीहीत तर दोन्ही पदं कोपऱ्यात बसलेली असून भलत्याच तिसऱ्या माणसाचा सत्कार चाललेला. द्वंद्वात मात्र दोन्ही पदं तोलामोलाची. आईबाप, विटीदांडू, रामलक्ष्मण, नवराबायको. पनवेलच्या एका शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं हे फळ्यावर लिहीत आलो. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका कारट्याने विचारलं, "सर, मग द्वंद्वयुद्ध म्हणजे काय?" मी सांगितलं, "द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे भांडणसुद्धा." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या घरच्यासारखं." वर्ग हसला आणि तास संपला. पण जोडी आणि भांडण यांना एकच शब्द का असावा, याचा उलगडा मला पुढे जो झाला तो एकाही वैयाकरणाकडून झाला नाही. तो एका बोट चालवणाऱ्याकडून झाला.

आता पनवेल आणि बोट यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. हल्ली पनवेल म्हटलं की लोकांना एस.टी. स्टँड आठवतो. कोकणात उतरणारी आणि घाटावर चढणारी प्रत्येक गाडी इथे धापा टाकायला थांबते, आणि तीतला प्रत्येक उतारू खाली उतरून "गाडी किती वेळ थांबणार?" असं ओरडून विचारतो. पण मूळचं पनवेल हे बंदर. एके काळी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीत बसून पनवेलला उतरायचा आणि इथून पुढे घाटाला लागायचा. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलचे दिवस फिरले. इथली नगरपालिका १८५२ सालची. हे आम्ही पनवेलकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. पुढे १८६३ साली आगगाडी त्याच घाटातून वर गेली, ती कर्जतवरून. पनवेलला तिने विचारलंसुद्धा नाही. खाडीत गाळ साचत गेला, आणि पाण्यावरचं गाव रस्त्यावर आलं. नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२५ साली शेजारी विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि जमिनीवरून येणारे आवाज जणू अपुरे होते म्हणून आता वरूनही येऊ लागले. अशा गावात कान ही चैन आहे. शहाणा पनवेलकर आवाज ऐकतच नाही.

ऐकणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. ते आमचे लाइन आळीतले भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी, सारंगकाका. नावाने त्यांना पोस्टमनसुद्धा ओळखत नाही. सारंग म्हटलं की आम्हा मराठीच्या मास्तरांना हरीण, मोर, भुंगा आणि एक राग एवढं सगळं एकदम आठवतं. सरकारदरबारी मात्र सारंग म्हणजे लाँच चालवण्याचा परवाना असलेला माणूस. शब्द फारसीतून आला, आणि बहुतेक फारसी शब्दांप्रमाणे आल्यावर परत गेला नाही. काका मूळचे रेवसकडचे. पोरवयात लाँचवर खलाशी म्हणून चढले, मग इंजिनाचे ड्रायव्हर झाले, मग सारंग. पहिली वीस वर्षं एका इंजिनाच्या लाँचवर भाऊचा धक्का ते रेवस, आणि पुढची वीस दोन इंजिनांच्या कॅटामरानवर गेटवे ते मांडवा. निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ म्हणून पनवेलला आले.

संध्याकाळी गॅलरीत आमची बैठक बसते. एकदा मी सहज म्हणालो, "काका, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट आराम."

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्या मुलांकडे पाहत असे.

"मास्तर, एका इंजिनाची बोट म्हंजे ब्रह्मचारी. रेस दिली, चालला. त्याला कान लागत नाय. दोन झाली की कान लागतो."

मग त्यांनी मला दोन इंजिनांचा संसार समजावून सांगितला. दोन इंजिनं असण्याचे फायदे उघड आहेत. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. धक्क्याच्या अरुंद जागेत एक पुढे आणि एक मागे चालवलं की एवढी थोरली बोट जागच्या जागी वळते. दोन्हींचे पंखे उलटसुलट फिरतात. एक घड्याळाच्या काट्याबरोबर, दुसरा काट्याच्या विरुद्ध. दोघंही एकाच दिशेने फिरले तर बोटीची पाठ एका बाजूला ढकलली जाते. म्हणजे पुढे सरळ जायचं तर दोघांनी उलट वागायचं, पण सारख्याच वेगाने वागायचं. इथे मला आमच्या घरातल्या कित्येक गोष्टींचा अर्थ लागला, पण मी गप्प बसलो.

मेख आहे ती या सारख्या वेगात. उजवं इंजिन जरा जास्त पळालं की बोट डावीकडे तोंड वळवते, आणि सुकाणू धरणाऱ्याला ते सतत थोडं उजवीकडे दाबून धरावं लागतं. तासभर असं केलं की मनगट भरून येतं. शिवाय सगळ्या बोटीला एक विचित्र हादरा बसत राहतो. बाकं थरथरतात, खिडक्यांच्या काचा गुणगुणतात, उतारूंची डोकी उठतात आणि कशाने उठली ते त्यांना कळत नाही.

"मग मीटर असेल ना, फेरे दाखवणारं?"

"हाय की. मीटर घरापर्यंत आणून सोडतं. दार कानाने उघडायचं."

दोन इंजिनांचे ठोके अगदी सारखे नसले की काय होतं? थोडा वेळ ते एकमेकांवर पडतात, तेव्हा आवाज फुगतो. मग सरकत सरकत एकाचा ठोका दुसऱ्याच्या फटीत पडायला लागतो, तेव्हा आवाज बसतो. परत फुगतो, परत बसतो. घूंऽव... घूंऽव... घूंऽव. काकांनी तोंडाने हा आवाज काढला, तेव्हा खालून जाणारा रिक्षावाला थांबला. ही घूंव म्हणजे एका इंजिनाचा आवाज नव्हे आणि दुसऱ्याचाही नव्हे. ती त्या दोघांमधल्या फरकाचा आवाज. फरक जास्त तर घूंव भराभर येते. फरक कमी होत गेला की ती लांबत जाते. दोन्ही अगदी सारखी झाली की ती नाहीशी होते, आणि मग पाठीमागे जणू एकच मोठं इंजिन चालल्यासारखा सपाट आवाज राहतो.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितलं. सरांना कुठल्याही गोष्टीचं गणित मांडल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी कालनिर्णयाचं जुनं पान उलटं केलं आणि उपवासाच्या थालीपिठाच्या कृतीशेजारी आकडे मांडले. समजा, सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन आहे आणि ते मिनिटाला १५०० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ७५ ठोके. दुसरं इंजिन १५१० फेऱ्यांनी चाललं, तर त्याचे ठोके साडेपंचाहत्तर. फरक सेकंदाला अर्धा ठोका. म्हणून दर दोन सेकंदांनी एक घूंव. फरक पाच फेऱ्यांवर आला की चार सेकंदांनी एक. दीड हजारातल्या पाचाचा फरक मीटरवर काट्याच्याच जाडीत लपून जातो. कानाला मात्र तो चार-चार सेकंदांनी हाक मारतो. सर म्हणाले, "हे फार अचूक मोजमाप आहे." काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वीस वर्षं फुकट मोजलं म्हणायचं."

यापुढची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. घूंव ऐकून भांडण आहे हे कळतं, किती मोठं आहे हेही कळतं. पण चूक कोणाची हे काही केल्या कळत नाही! उजवं पुढे पळतंय की डावं मागे रेंगाळतंय, याबद्दल ती घूंव एक अक्षर बोलत नाही. १५०० आणि १५१० असोत की १५०० आणि १४९० असोत, घूंव तीच.

"मग करायचं काय?"

काकांनी तीन बोटं वर केली. पहिला नियम: एका इंजिनाला हात लावायचा नाही. दोन्हींची रेस एकदम हलवलीत तर जन्मभर हलवत बसाल. दुसरा नियम: दुसऱ्याची रेस एक केसभर हलवून बघायची. घूंव भरभर आली तर उलट्या बाजूला गेलात, मुकाट्याने परत या. लांबली तर त्याच बाजूला अजून एक केस. तिसरा नियम: लांबत लांबत नाहीशी झाली की हात काढून घ्यायचा. "तिसराच अवघड, मास्तर. माणसाचा हात निघत नाय."

"आणि हात लावायचा नाही ते इंजिन कोणतं?"

"कमजोर असंल ते. कमजोराला ओढून जोरदाराएवढं करायला गेलं की ते तापतं. जोरदारानं खाली यायचं."

जोडी आणि भांडण यांना एक शब्द का, हे मला त्या दिवशी उमगलं. जोडी जुळली आहे की नाही, हे ज्यावरून कळतं ते भांडणच. भांडण ऐकू येईनासं होईपर्यंत भांडणाकडेच कान द्यावा लागतो. दोघांपैकी एकेकाचं म्हणणं वेगवेगळं ऐकत बसलं तर काहीच हाती लागत नाही. पाणिनीला बोट असती तर त्याने याचं सूत्र केलं असतं.

ही विद्या नुसती दर्यावर चालते असं नाही. जुन्या डाकोटा विमानांचे वैमानिक आपल्या दोन पंख्यांची घूंव अशीच कानाने घालवीत. आणि ज्या लोकांना डिझेलचा वासही सहन होत नाही, असे लोक हेच काम गालिच्यावर बसून करतात, हे मला काकांमुळेच कळलं. इथल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एकदा गाण्याचा कार्यक्रम होता. माझ्याकडे एक पास जास्त होता म्हणून मी काकांना घेऊन गेलो. पडदा वर गेला, गवईबुवा बसले, आणि दोन तंबोरे लागायला सुरुवात झाली. आम्हा रसिकांचा हा वेळ पहिल्या रांगेत कोण कोण आलंय ते बघण्याचा. काका मात्र खुर्चीच्या कडेवर आले. तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर लागायच्या असतात. बुवा एक तार तशीच ठेवून दुसरीची खुंटी पिळत होते. मग खुंटीही जाडी वाटली म्हणून त्यांनी तारेवरचा मणी नखाने जरासा सरकवला. काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाच-सहा फेरे राहिले." बुवांनी मणी आणखी एक केस सरकवला. तंबोरा एकदम भरून आला. "आता हात काढ," काका पुटपुटले, आणि बुवांनी हात काढला. काका मागे टेकले, आणि पहिली चीज सुरू व्हायच्या आत त्यांना झोप लागली. त्यांच्या लेखी कार्यक्रम संपला होता.

इंजिनं आपली आपण जुळत नाहीत का, हा प्रश्न मी त्यांना मुद्दाम विचारला. कारण मी कुठेसं वाचलं होतं की घड्याळं जुळतात. हॉलंडमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. लंबकाचं घड्याळ त्याचंच. १६६५ सालच्या फेब्रुवारीत तो आजारी पडून खोलीत होता. समोर एकाच आधाराला दोन घड्याळं टांगलेली. आजारी माणसाला दुसरं काम नसतं. त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी एका वेगाने हलताहेत, पण एक डावीकडे जातो तेव्हा दुसरा बरोबर उजवीकडे. त्याने मुद्दाम त्यांची चाल बिघडवून पाहिली. अर्ध्या तासात स्वारी पुन्हा पहिल्यासारखी! त्याला वाटलं, हवेतून काही होत असेल. शेवटी कळलं की आधारातून एकाचा सूक्ष्म धक्का दुसऱ्याला पोचतो. एका छपराखाली राहून, एकमेकांच्या विरुद्ध वागत, एका वेगाने चालणं. याला त्याने सहानुभूती असं नाव दिलं. पाश्चात्त्य लोक किती गोड शब्द वापरतात!

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "घड्याळाला काम काय? टिकटिक. इंजिनाला दर्या कापायचा असतो. त्याला कुणाची शिंपथी नाय. त्याला माणूसच लागतो."

आता असा ज्याचा कान, त्याच्या घरी काय असेल? काकू सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. इमारतीच्या दोन पंपांपैकी एक जरा कुरकुरला तर काका रात्री दोनला उठून बसतात. पण काकूंनी दाराची घंटा दहा वेळा वाजवली तरी ती फक्त आमच्या घरात ऐकू येते. एकदा बाजारात निघालेल्या काकांना काकूंनी सांगितलं, "येताना फुलं आणा." काकांनी ऐकलं "मुलं आणा", आणि ते उरण नाक्यावरून मुलीची दोन्ही मुलं दप्तरांसकट घेऊन आले. चहाच्या वेळी काकू विचारतात, "साखर टाकू का?" काकांना ऐकू येतं "भाकर टाकू का?" ते म्हणतात, "नको, आत्ताच जेवलो."

"मला बरोबर फसवतात," काकू म्हणतात. "इंजिनं ऐकू येतात, बायको नाय."

विज्ञानाचे सर काकूंच्या मदतीला गेले, आणि दुर्दैवाने काका निर्दोष ठरले. इंजिनाच्या खोलीत वर्षानुवर्षं काम केलं की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, आणि त्यांत पहिला बळी जातो तो बारीक, उंच आवाजांचा. सेकंदाला साधारण ४००० कंपनांच्या आसपासचे. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांचा जीव तिथेच असतो. घंटेचं, कुकरच्या शिटीचं, चिमण्यांचं तेच. खालचे जाडे आवाज बराच काळ शाबूत राहतात, आणि इंजिनाची घूंव तर पायातूनसुद्धा कळते. म्हणजे काकांचा कान ज्या इंजिनांनी तयार केला, त्यांनीच तो खाल्ला, आणि खाताना आपल्यापुरता शिल्लक ठेवला. मला यात पक्षपात दिसला. काकूंना अर्थातच तो आधीपासून दिसत होता.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या भाच्याचं लग्न अलिबागला निघालं. आम्हा दोघांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. पनवेलचा कोणताही शहाणा माणूस अलिबागला एस.टी.ने पेण-वडखळवरून जातो. काकांनी द्राविडी प्राणायाम ठरवला. पनवेलहून लोकलने उलटं मुंबईला जायचं, तिथून गेटवे, आणि गेटवेवरून कॅटामरानने मांडवा. आमची ही म्हणाली, "नाकासमोर वाट आहे ती सोडून?" काका म्हणाले, "नाकासमोर वाट हाय, पण दर्या नाय."

बोट सुटली. सगळे उतारू कठड्याशी उभे राहून सीगलना वेफर्स चारण्यात गुंग झाले. काका मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी चप्पल काढली आणि उघडा पाय फळीवर ठेवला. थोड्या वेळाने पायाचा अंगठा हलू लागला.

"सेकंदाला एक," ते म्हणाले. "वीस फेऱ्यांचा फरक हाय."

मी कान दिला. खरंच, त्या सगळ्या घरघरीच्या पोटात एक घूंऽव, घूंऽव चाललेली होती. एकदा ऐकू आल्यावर मग दुसरं काही ऐकू येईना. काका उठले, बसले, परत उठले. वर सुकाणूशी एक पंचविशीचा पोरगा उभा होता. चाळीस वर्षांचं पाणी काकांच्या पायांत उसळत होतं. दहा पायऱ्या चढायच्या, एक दांडा केसभर हलवायचा, की झालं.

काकूंनी त्यांचा सदरा धरला. त्यांच्या त्या जाड, खर्जातल्या आवाजात त्या सावकाश म्हणाल्या, "बसा. त्याची बोट हाय."

काका बसले. बसले म्हणजे शरीराने बसले. इतक्यात घूंव बदलली. ती भरभर येऊ लागली. सेकंदाला दोन, मग त्याहून जास्त. ही म्हणाली, "बोट बिघडली की काय?" काकांचा चेहरा मात्र उजळला. "हलवलं! पोरानं हलवलं! उलट्या बाजूला गेला. जाऊ दे. आधी चुकायलाच लागतं, नायतर कळणार कसं?" घूंव परत सावकाश होत गेली. सेकंदाला एक. दोन सेकंदांनी एक. चार. मग इतकी लांबली की मी श्वास धरून वाट पाहत राहिलो, आणि ती आलीच नाही. बाकांची थरथर थांबली. कठड्यावरच्या एकाही उतारूने मान वळवली नाही. सीगल तेवढेच ओरडत होते. काकांनी डोळे मिटून घेतले होते, आणि काकूंनी त्यांचा सदरा अजून सोडला नव्हता.

मांडव्याला उतरताना काका त्या पोरापाशी थांबले. आपण कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "कंचं ठेवलंस?"

"डावं ठेवलं, काका. उजवं हलवलं. डावं जरा नरम हाय."

काका पुढे बरंच अंतर काही बोलले नाहीत. हल्ली नव्या बोटींवर हे काम कॉम्प्युटर करतो. एक दांडा पुढे केला की दोन्ही इंजिनं आपोआप एका फेऱ्यावर येतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. "उतारूला काय? झोप लागल्याशी मतलब," ते म्हणतात. पण त्या दिवशी लग्नात त्यांनी जिलबी तीनदा मागून घेतली.

परत आल्यावर मुलीने हट्टाने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि ते शेंगदाण्याएवढं यंत्र कानात बसलं. पहिल्या दिवशी काका घरभर दचकत फिरले. कुकरची शिटी, दाराची घंटा, स्वतःच्याच दातांखाली मोडणारं बिस्कीट. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "चहा टाकू का?"

"तुझा घसा बसलाय काय?" काका म्हणाले.

"नाय."

"मग अशी जाड्या आवाजात, हळू का बोलतेस?"

"बारा वर्षं झाली. बारीक आवाज तुम्हाला पोचत नाय. ओरडून पण पोचत नाय. जाडा, सावकाश काढला की पोचतो."

काका आमच्या गॅलरीत येऊन बसले. पुष्कळ वेळाने म्हणाले, "मास्तर, बारा वर्षं मला वाटत होतं, माझा कान बरोबर हाय, घरात घूंव नाय. तिनं रेस खाली आणून ठेवली होती." मग थोडं थांबून, "कमजोराला हात लावायचा नाय, हे तिला कुणी शिकवलं?"

भिंतीपलीकडून तोच खर्ज आला, "रोज जेवताना तुम्हीच सांगत होता."

इथे ही कथा गोड करून संपवता आली असती. पण संसार म्हणजे काही क्रमिक पुस्तकातला धडा नव्हे. यंत्र आलं म्हणून काकूंनी आपला जुना, बारीक आवाज परत काढायला घेतला आहे. तो ऐकून काका यंत्राची चकती फिरवतात. तेवढ्यात यांना त्रास होतो असं वाटून काकू आवाज खाली आणतात. मग काका चकती उलटी फिरवतात. दोघांनी एकदम रेस हलवायची नाही, हा पहिला नियम दोघांनाही पाठ आहे, आणि आपण कमजोर आहोत असं कबूल करायला दोघांपैकी एकही तयार नाही. परिणामी भिंतीपलीकडून दिवसभर "मोठ्यानं बोल", "बोलले की", "एवढ्या मोठ्यानं नको" असं फुगतं आणि बसतं. आमची ही म्हणते, आवाजाबद्दल तक्रार करायला हवी. मी म्हटलं, थोडं थांबू. सोमवारी मी घड्याळ लावून मोजलं, तेव्हा दोन तक्रारींमध्ये दहा मिनिटं जात होती. काल रात्री पंचवीस गेली. आकडे विज्ञानाच्या सरांकडे दिले आहेत. ते या महिन्याचं कालनिर्णयाचं पान उलटायची वाट पाहताहेत.